येवनसाहेबाचं ‘या’

आमच्या घराण्याचा इतिहास एका जर्मन शेतकऱ्यापासून सुरू होतो. त्याचं आणि आमचं नातं मात्र काडीचंही नाही.

तरी गावात आम्हाला ‘जर्मनाचे’ म्हणत. माझा रंग तव्याच्या बुडाशी स्पर्धा करणारा, पण खोपोलीच्या बाजारात कोणी ओळख करून दिली की, “हे साजगावचे जर्मनाचे मास्तर!” नवा माणूस एकदा माझ्याकडे बघे, एकदा ओळख करून देणाऱ्याकडे, आणि मग रामराम न करताच निघून जाई.

त्या जर्मनाचं नाव योहान. गावाने त्याचा येवनसाहेब केला. घाटात आगगाडीचं काम चाललं होतं तेव्हा तो लोहार म्हणून आला. काम संपल्यावर बाकीचे साहेब निघून गेले. हा मूळचा शेतकरी, त्याला खाली हिरवी खाचरं दिसली आणि साजगावच्या शिवारात तुकडा घेऊन बसला. पहिल्याच आषाढात त्याने भाताच्या खाचरात बटाटे लावले! (आमच्याकडच्या आषाढात माणूस कुजतो, तिथे बटाट्याची काय कथा!) आठ दिवस सगळं गाव नाकाला धोतराचा सोगा लावून हिंडत होतं.

सुरुवातीला त्याच्याकडे आमच्या भाषेचे दोनच शब्द होते. एक ‘नाय’. तो म्हणे त्याच्या भाषेतही जवळपास असाच होता, त्यामुळे भांडणाची सोय झाली. दुसरा ‘या’. कोणी काही विचारलं की साहेब मान डोलवायचा आणि म्हणायचा, “या, या!” असा अगत्याचा माणूस गावाने पाहिला नव्हता. लोक येत, बसत, तंबाखू मळत, आणि साहेब बिचारा बघत राही.

माझे बाबा असेच आले. देशावर पावसाने दडी मारली त्या साली ते घाट उतरले. वय विशीचं, पोटात दोन दिवस काही नाही, पुढेमागे कोणी नाही. ते साहेबाच्या बांधावर उभे राहिले. साहेब म्हणाला, “या!” बाबा सरळ आत जाऊन भाताच्या मडक्यासमोर बसले. (कोणाच्या हातचं खाल्लंस, हे गावाने नंतर विचारलं. पोटाने तोवर निकाल देऊन टाकला होता.) ते परत गेलेच नाहीत. बाबांनी साहेबाला राब, म्हणजे पालापाचोळा, शेतात भाजून भाताचं रोप कसं करायचं ते शिकवलं, साहेबाने बाबांना नांगराचा फाळ ठोकायला. मी आठ वर्षांचा असताना साहेब वारला. शेवटचं पाणी बाबांनीच पाजलं, आणि शेतही तो बाबांच्याच नावावर करून गेला.

पुढे बऱ्याच वर्षांनी, मी गावच्या शाळेत मास्तर झाल्यावर, जर्मनीहून पत्र आलं. साहेबाची म्हातारी बहीण घराण्याची हकीगत लिहून काढत होती. तिने पाद्र्याकडून इंग्रजीत लिहवून घेतलं होतं, की भाऊ तिकडे कसा राहिला? कोणाबरोबर राहिला? की एकटाच गेला?

बाबा पत्र ऐकून ताठ बसले. “लिव, गणपत. म्हनावं, तुजा भाव एकला नव्हता. आन् आदी ह्ये लिव, का मी आगांतूक नव्हतो. त्यानं मला बोलावून आत घेतला.”

“लिहितो, बाबा.”

“आदी लिव!”

बाबांना आयुष्यात एवढंच कोणीतरी कागदावर लिहायला हवं होतं. गावात भांडण झालं की पहिली शिवी तीच यायची, “उपऱ्या, बिनबोलावता शिरलास!” आणि बाबा छाती ठोकून सांगायचे, “सायबानं ‘या’ म्हनलं हुतं मला!”

पण मी मास्तर! माझी इंग्रजी तीन पुस्तकांची (तिसरं निम्मंच), तरी मला साग्रसंगीत इतिहास लिहायची हुक्की आली. वही घेऊन मी गावभर फिरलो.

पाटील म्हणाले, “अरं, जर्मनीत त्याच्या बापाची आंब्याची पाचशे कलमं व्हती!”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“त्यानंच की. मी इचारलं, सायब, पाचशे कलमं तरी आसतील? त्यानं मुंडी हालवली आन् बोलला, या या, बसा.”

“बसा म्हणाला?”

“या बोलल्यावं मानूस बसतोच की रं!”

वैद्यबुवा म्हणाले, साहेबाला पोटशूळ होता, मान हलवून कबूल केलं होतं. गंगूमावशीला पाच मुली, तिने पदर डोळ्यांना लावून सांगितलं, “त्यालाबी पाच लेकीच व्हत्या रं तकडं. मी इचारलं तवा मान हालवली बिचाऱ्यानं.” मी सगळं टिपून घेतलं. दारात एकही आंबा नसलेला पाटील कलमांचं सांगतो आणि पाच मुलींची आई पाच मुलींचं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. बहिणीला मी सात पानं पाठवली. त्यात कलमं होती, पाच लेकी होत्या, पोटशूळ होता. बाबांचं सातव्या पानाच्या तळाशी, जागा उरली तेवढ्यात बसवलं. शेवटी ताजा कलम म्हणून लिहिलं, की आपले बंधू इतके प्रेमळ, की सर्वांस ‘या’ म्हणत, आमच्या भाषेत त्याचा अर्थ कृपा करून आत यावे!

पाच महिन्यांनी उत्तर आलं. मी अर्धं गाव ओट्यावर गोळा केलं आणि बाबांना मधोमध बसवून मोठ्याने मराठी करत वाचू लागलो. वाचायच्या आधी एकदा मनात वाचावं, एवढीही अक्कल मला नव्हती!

“आमच्याकडे आंबा होत नाही. आमच्याकडे दोन गाई होत्या.” पाटील खाकरले. “माझ्या भावाने लग्न केले नव्हते.” गंगूमावशी म्हणाली, “आगं बया, मग त्या लेकी?” मी तसाच पुढे, “आणि आमच्या भाषेत ‘या’ म्हणजे होय. घरी तर तो कोणालाच होय म्हणत नसे, म्हणूनच भांडून गेला.”

ओट्यावर हशा पिकला. पाटील मांडीवर थाप मारून हसले. मीही हसलो, कारण आता कोडं सुटलं होतं आणि ते सोडवणारा मी होतो! त्याच तोऱ्यात मी बाबांकडे वळलो. “बाबा, तुम्ही त्या दिवशी बांधावरून काय विचारलं होतं?”

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

बाबांनी आधी ओट्यावरच्या माणसांकडे पाहिलं. मग म्हणाले, “मी इचारलं, सायब, हितनं जाऊ का?”

आता कोणी हसलं नाही. तेवढ्यात मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “म्हंजे त्यानं जा सांगितलं, आन् ह्यो आत शिरला!”

बाबा उठून आत गेले. आईने माझ्याकडे असं पाहिलं की पत्राची घडीही मला नीट घालता येईना. “शिकलास, त्याचं आज चीज झालं रं,” ती म्हणाली.

तीन दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. मी भाकरी खाताना खाली बघत होतो. ज्या एका शब्दावर माणसाने पुरतं आयुष्य उभं केलं, तो मी चारचौघांत काढून घेतला होता, आणि कशासाठी, तर मला इंग्रजी येते हे दाखवायला! चौथ्या दिवशी सकाळी अंगणात कोयत्याला धार लावता लावता त्यांनी हाक मारली.

“गणपत, ती पयल्या दिसाची गोष्ट झाली. बराबर?”

“हो, बाबा.”

“मी जेवलो. खळ्याव झोपलो. सकाळी घोंगडी खांद्याव टाकली आन् निघालो. काय बोललो नाय, काय इचारलं नाय. बांधापत्तुर गेलो आसंन, तर मागनं वराडत आला, या! या!” त्यांनी कोयता खाली ठेवला. “मी काय इचारलंच नव्हतं, तर त्यो ‘होय’ कशाला म्हनंल रं?”

आदल्या दिवशी त्या एकट्या माणसाने पाहिलं होतं, की हा शब्द उच्चारला की माणूस आत येतो. दुसऱ्या दिवशी त्याने तो आमच्या अर्थाने वापरला होता, बाबांना थांबवायला. मी आत जाऊन दौत-टाक घेऊन आलो.

“लिव आता,” बाबा म्हणाले. “आदी ह्येच लिव.”

या खेपेला मी आधी तेवढंच लिहिलं. लिहिताना माझी मलाच लाज वाटत होती. दहा वर्षं मी पोरांना फळ्यावर ‘य ला काना या’ शिकवत होतो. साहेबाच्याच घरात वाढूनही त्या एका अक्षराचा अर्थ मला जर्मनीहून मागवावा लागला, आणि तोही चुकीचा आला!