एकतिसाव्या पानावरचा काठ

सव्वीस वर्षं चंद्रभान निमजेनं पोथ्या उचलल्या, झटकल्या, लाल फडक्यात बांधून ठेवल्या. नागपुरातल्या एका खाजगी पोथीशाळेत तो शिपाई होता. शिपायानं पोथी वाहायची, वाचायची नाही, असं तिथल्या प्रमुख मेघाताईंचं ठाम मत. पण हा बाबा वाचायचा! कपाटं पुसता पुसता जुनी अक्षरं लावायला शिकला. सोन्याची चित्रं तर इतकी जवळून पाहायचा की मेघाताई सगळ्यांसमोर ओरडायच्या, "चंद्रभान, नाक पुसाल त्याच्यावर!" सगळे हसायचे. तोही हसायचा, करतो काय?

तिथला खरा दागिना म्हणजे पाचशे वर्षांची एक चित्रपोथी. ती राजस्थानातली, असं जाणकारांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. तिच्या एकतिसाव्या पानावर एक गवळण उभी आहे. एका दुपारी चंद्रभानची नजर तिच्या लुगड्याच्या काठावर गेली आणि तिथंच अडकली. काठ बारीक सोनेरी दात्यांनी लुगड्याच्या अंगात घुसलेला, थेट करवतीसारखा. अरे, हे तर मागावर तीन धोटे फिरवून विणायचं काम! त्याच्या बापानं इथल्याच उमरेडला उभा जन्म हेच लुगडं विणलं होतं. चित्र काढणाऱ्यानं ते डोळ्यांनी पाहिलं असल्याशिवाय असे दाते निघत नाहीत.

"ताई, हे राजस्थानातलं नाही जी," तो भीत भीत म्हणाला. "इकडचंच आहे. माझ्या बापाचा काठ आहे हा."

मेघाताईंनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "सोमवारी फोटोवाला येतो आहे. पहिल्यांदाच फोटो निघणार पोथीचे. दाते स्पष्ट आले, तर आपल्या पोथ्यांची सूची निघते आहे, तीत तुमचं नाव छापते. नाही आले, तर पुन्हा मला पोथ्या शिकवू नका."

नाव छापणार! घरी बायकोला, गोपिकेला, सांगताना त्याचा आवाज चिरकला. "पुस्तकात नाव येते वं माझं!"

"आधी येऊ तर द्या," ती म्हणाली, आणि तिनंही चार घरी सांगितलं.

शनिवारी त्यानं ते पान बाहेर काढलं. कडा झिजलेली, कागद लुळा पडलेला. असल्या मरगळल्या पानाचा फोटो काय डोंबलाचा येणार? त्याला बाप आठवला. सूत लुळं असलं की बाप तांदळाची पातळ खळ करायचा, ताणलेल्या धाग्यांवर कुंचा फिरवायचा, आणि सूत कसं ताठ, चकचकीत व्हायचं. झालं! चंद्रभाननं घरून डब्यात खळ आणली आणि बापासारखाच, वरून खाली, हात न थांबवता कुंचा फिरवला.

ओलं सूत वाळतं. डिंकात घोटलेलं सोनं ओलं झालं की सुटतं. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि शहाण्यानं कोणाला विचारलंही नव्हतं. कुंच्याला पिवळं लागलं. धूळ निघाली, असं त्याला वाटलं. म्हणून त्यानं आणखी एकदा फिरवला.

सोमवारी मेघाताईंनी पान पाहिलं. गवळणीच्या अंगावर नुसता पिवळट डाग. "काहून केलं हे?" त्या किंचाळल्या. रागात त्यांची पुस्तकी भाषा पार सुटली.

"फोटो चांगला यावा म्हणून, ताई. दाते होते ना तिथं. तुम्ही पाह्यले ना भिंगातून?"

मेघाताईंनी फोटोवाल्याकडे पाहिलं. मग चंद्रभानकडे. "मी काहीही पाहिलं नाही," त्या म्हणाल्या.

नोकरी राहिली. कपाटांच्या चाव्या गेल्या. आता तो अंगण झाडतो.

दिवाळीच्या आधी सूची छापून आली. एक प्रत मेघाताईंनी स्वतः त्याच्या हातात दिली, पान उघडून दाखवून. ती त्यानं घरी पिशवीत तशीच ठेवली, पण गोपिकेला सापडली. तिला वाचता येत नाही. राशन कार्डावरचं नवऱ्याचं नाव मात्र ती बरोबर ओळखते. पानं उलटता उलटता तिचं बोट थांबलं. "आलं ना जी! सांगितलं काहून नाही?" तिनं पुस्तक देवाजवळ ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि कॉलेजात शिकणाऱ्या शेजारच्या उन्नतीला हाक मारली. चंद्रभान "राहू दे, राहू दे" म्हणतच राहिला.

उन्नतीनं मोठ्यानं वाचलं, "राजस्थानी चित्रपोथी. पान एकतीस, शिपाई चंद्रभान निमजे यांच्या हातून..." ती थांबली.

"वाच ना वं," गोपिका म्हणाली. "पुढं काय लिहिलं आहे?"