वरची ओळ माओरी, खालची इंग्रजी

काल हिनेआजींच्या फ्युनरलला त्यांच्या भाषेत वाचू शकेल अशी एकच व्यक्ती हॉलमध्ये होती.

ती त्यांच्या घरातली नव्हती. ती माझी सात वर्षांची सई होती.

हिनेआजी म्हणजे हॅरोमधल्या आमच्या शेजारीण. न्यूझीलंडच्या, माओरी. मुलगा डॅनियल लंडनला नोकरीला. त्याला मुलगी झाली तेव्हा नात सांभाळायला आल्या आणि राहिल्या.

आपल्या आज्या बॅगेत मेतकूट आणि भाजणी आणतात. यांनी चित्रांची पुस्तकं आणली. प्रत्येक पानावर वर माओरी, खाली इंग्रजी.

"डॅनियलला मी नुसतं इंग्रजीच दिलं," एकदा कुंपणापाशी मला म्हणाल्या. "तेव्हा सगळे सांगायचे, मुलाचं भलं होईल. झालंही भलं. पण माझ्या आईशी त्याला कधी धड बोलता आलं नाही. म्हणून ही पुस्तकं एमीसाठी."

एमी ही नात. चुणचुणीत पोर, वाचायला लवकर शिकली, आणि तिथेच घोटाळा झाला. पान उघडलं की नजर थेट खाली. इंग्रजी ओळ वाचून मोकळी.

"डन, नॅन!"

मग आजींनी सिरियलच्या खोक्यातून एक पट्टी कापली. खालची ओळ झाकून वरची वाचायच्या. एमीला तो खेळ दोन दिवस आवडला.

पुढे डॅनियलची नोकरी ग्लासगोला गेली. एमीही गेली. आजी म्हणाल्या, "माझ्याने आता पुन्हा घर हलवणं होणार नाही."

त्याच सुमाराला, २००४ साली, आम्ही पुण्याहून इथे आलो. सई तीन वर्षांची. आजींनी विचारलं, "पोरीला दुपारची पाठवशील? वाचून दाखवते."

सईसाठी पट्टी लागलीच नाही. तिला खालची ओळही परकीच होती.

महिन्याभरात ती माओरीत आकडे म्हणत घरभर फिरायला लागली. माझा नवरा निखिल हसून म्हणाला, "अगं, नर्सरीसाठी इंग्लिश शिकायला पाठवली होती ना हिला?"

इंग्लिश काय, शाळेत आपोआप आलं. माओरी आजींच्या सोफ्यावर आलं.

एमी हाफ-टर्मला यायची. एका सुट्टीत मी सईला घ्यायला गेले. एमी टीव्हीसमोर. सई आजींना चिकटून, वरच्या ओळी त्यांच्या आधी म्हणत होती.

एमी मान न वळवता म्हणाली, "नॅन, आता तीच तुझी नात."

आजी हसल्या. "मला दोन नाती चालतील की!"

एमी हसली नाही. मी सईचे शूज शोधत बसले.

गेल्या आठवड्यात आजी झोपेतच गेल्या. डॅनियलचा फोन आला. "आईच्या भाषेत कोणीतरी काही वाचायला हवं. मला येत नाही. सई वाचेल?"

सईने आजींच्या पुस्तकांतलं एक वाचलं. त्यात एक मुलगी आजीबरोबर नदीवर जाते आणि म्हणते, पाणी गार आहे, माझा हात सोडू नकोस. एवढंच. डॅनियल पहिल्या रांगेत खाली बघत होता. आईची भाषा दुसऱ्याच्या मुलीच्या तोंडून ऐकत होता.

मला कौतुक वाटायला हवं होतं. मला चोरी करताना पकडल्यासारखं झालं.

नंतर कार पार्कमध्ये डॅनियलने पुस्तकांचं खोकं आमच्या गाडीत ठेवलं. "आईने सांगून ठेवलं होतं. ही सईची."

एमी कोटाच्या खिशात हात घालून उभी. आता माझ्याएवढी उंच झालीय. सईला म्हणाली, "तू वाचलंस त्याचा अर्थ काय?"

"खाली लिहिलंय की."

"खालचं मला पाठ आहे. वरचं म्हण."

सईने म्हटलं. एमी तिच्या मागून म्हणाली. सई अगदी टीचरसारखी, "नो. अगेन." एमी पुन्हा म्हणाली.

मी खोकं उचललं आणि त्यांच्या गाडीत ठेवलं.

"नको, नको," डॅनियल म्हणाला. "आईची इच्छा होती."

"राहू दे," मी म्हटलं. "ज्यांच्यासाठी आणली, त्यांच्याकडे जाऊ देत."

एमीने डिकी लगेच बंद केली. कोणी विचार बदलायच्या आत.

मला हलकं वाटलं. फार तर पहिल्या सिग्नलपर्यंत. मग मागच्या सीटवरून रडका आवाज आला.

"आई, माझा बुक्स का दिला तू? हिनेआजी मला दिला होता!"

निखिल म्हणाला, "सयू, ती त्यांच्या फॅमिलीची आहेत ना बाळा."

"मग मी कोण होती?"

घरी येऊन ती न जेवता झोपली.

हिनेआजी, तुम्ही विचार करून दिलं होतंत. सईला न विचारता, तुमचा शब्द मोडून, मी माझ्या मनावरचं ओझं उतरवलं. एमीचं देणं फेडायला गेले आणि सईचं लुटून दिलं. ग्लासगोला फोन करून काय मागू? अर्धी पुस्तकं?

सई उठली की आधी तिची माफी मागणार आहे. तुमची इथेच मागते.

तुमच्याकडे मागे राहणारा जाणाऱ्याला जे म्हणतो, तेवढंच मला येतं.

हाएरे रा, हिनेआजी.