गोधडीच्या पोटातली भाकरी

सावेडीत आमच्या कोपऱ्यावर ब्लाऊज शिवणाऱ्या मावशी ओठांत टाचण्या धरूनच बोलतात, त्यामुळे त्यांची वाक्यं आखूड असतात. उरलेली एकही चिंधी त्या टाकत नाहीत, आणि कोणती कुणाच्या ब्लाऊजची हेही त्यांना पाठ असतं.

आमच्या महिला मंडळाने चिंध्यांच्या वीतभर गोधडीची स्पर्धा ठेवली. विषय होता ‘घर’. मीच हट्टाने मावशींचं नाव दिलं. बाकीच्यांनी दारं-खिडक्या, तुळशीवृंदावनं शिवली. मावशींनी नुसते चौकोनाभोवती चौकोन लावले, पण असे देखणे की परीक्षक तिथेच रेंगाळल्या. तेवढ्यात त्यांना भिंतीवरून थेट त्या गोधडीत शिरणारी मुंग्यांची रांग दिसली.

“आत काय आहे हो?”

“भाकरीचा तुकडा,” मावशी म्हणाल्या. “गोधडीचं पोट उपाशी ठिवत न्हाईत.”

सगळ्या फिदीफिदी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशींच्या ओठांत त्या दिवशी टाचण्या नव्हत्या, तरी वाक्य आखूडच आलं.

“खात्यापित्या घरातच मुंग्या येत्यात, बाई.”

मी बाकीच्या गोधड्यांकडे पाहिलं. घरं लई सुबक होती, पण एकातही मुंगी शिरली नव्हती.