सरासरी एक्कावन्न मिनिटांचे चिनी

सोमवार, १ ऑगस्ट १९९४, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटे. बाई ‘पारा’ या अक्षरावर, सहा मिनिटे. ही माझ्या वहीतली पहिली नोंद. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत त्या काळी शेकडो लोक कामाच्या वेळेत चहा पीत आणि एकमेकांच्या बदल्यांची चर्चा करीत. परंतु काम न थांबवता चिनी लिपी शिकणारी व्यक्ती साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच होती, आणि ती आमच्या रंगांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेची प्रमुख होती. हे विधान मी पडताळून पाहिलेले नाही. तरीही त्यावर मी ठाम आहे.

बाई ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या. आई आणि मावशी बाजारात मासळी विकत असताना त्या घरातल्या पहिल्या बी.एस्सी. झाल्या. मी एम.एस्सी. होऊन त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा त्यांचे वय बावन्न होते आणि चिनीचे वय सुमारे एक वर्ष. या अभ्यासाचे मूळ आवडीत नव्हते, रागात होते. चीनहून कच्च्या मालाची पिंपे आली होती. त्यांवर चिनीत चार ओळी आणि खाली इंग्रजीत तीन शब्द. बाईंनी भिंग लावून दोन्ही पाहिले. “आत गेल्या चार ओळी आणि बाहेर आले तीन शब्द,” त्या म्हणाल्या. “बाकीचं गेलं कुठं गो? वाफ झाली?” जेवढे आत गेले तेवढे बाहेर आलेच पाहिजे, हा रसायनशास्त्राचा नियम त्या माणसांना, डब्यातल्या सुकटीला आणि भाषांतराला सारख्याच कठोरपणे लावीत. त्यांनी पदपथावरून एक जुने पाठ्यपुस्तक आणि शब्दकोश पैदा केला. चार महिन्यांनी ओळींचा उलगडा झाला: उन्हात ठेवू नये, ओले करू नये, उलटे करू नये, सावकाश उतरवावे. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. बाईंनी पाचवी ओळ कुठे मिळेल, याची चौकशी सुरू केली.

प्रयोगशाळेचे निम्मे काम म्हणजे थांबणे. नमुना ओव्हनमध्ये तासभर तापतो, मग अर्धा तास निवतो, मग त्याचे वजन होते. या वेळात आम्ही ओव्हनसमोर उभे राहून काम करीत असल्यासारखे दिसत असू. बाई मात्र तराजूची पारडी झटकण्याच्या सेवेतून निवृत्त झालेला एक बारीक ब्रश घेत, तो शुद्ध पाण्यात बुडवीत आणि काळ्या कडाप्प्याच्या ओट्यावर अक्षर काढीत. मे महिन्यात ते चाळीस सेकंदांत वाळे, ऑगस्टमध्ये अडीच मिनिटांत. त्यामुळे कमी रेघांची अक्षरे उन्हाळ्यात आणि वीस-वीस रेघांची पावसाळ्यात, असे त्यांचे वार्षिक वेळापत्रक ठरलेले होते. नवरात्रात टेंभी नाक्याच्या दर्शनाच्या रांगेत हाच अभ्यास तळहातावर बोटाने होत असे. मागच्या बायकांना तो जप वाटे आणि त्या आदराने थोडे अंतर सोडून उभ्या राहत.

उच्चार त्यांना एकही येत नव्हता. प्रत्येक अक्षर त्या सरळ मराठीत वाचीत आणि यात काही उणे आहे असे त्यांना वाटत नसे. धातूंच्या अक्षरांना धातूची खूण असते, वायूंच्या डोक्यावर वायूची, आणि पारा पातळ म्हणून त्याच्या पायाशी पाणी, हे कळले त्या दिवशी त्यांनी मला हाताला धरून ओट्यापाशी नेले. “आता सांग, आपल्या ‘सोडियम’मध्ये धातू दिसतो कुठं? आणि माशांचं पण तसंच. नाव कुठलंही असू दे, बाजूला मासा काढलेला. आमच्या आईला हे आवडलं असतं.” पॅकिंगमधले लोक दारातून ओरडत, “काय बाई, चीनला बदली मागितली काय?” बाई ब्रश न उचलता म्हणत, “अर्ज लिहायला घेतलाय रे. तुझं नाव घालू का हमाल म्हणून?”

कारखान्याच्या व्यवस्थापकांना मात्र यात विनोद दिसला नाही. जुलैच्या अखेरीस त्यांनी मला बोलावले. “तुम्ही सायन्सवाल्या. महिनाभर नीट मोजा, बाई रोज किती मिनिटं चायनीज करतात. पन्नासच्या वर गेलं, तर मी त्यांना स्टोअरला टाकतो. मग लॅब तुमची. आणि हे आपल्यातच राहू दे.” मी सव्वीस वर्षांची होते आणि मला ती खुर्ची हवी होती. मी घड्याळ लावून मोजले. शेजारच्या रकान्यात त्या वेळी ओव्हन काय करीत होता, हेही लिहिले. तो प्रत्येक वेळी चालू होता. तेवीस दिवसांची सरासरी आली एकोणपन्नास.

वही मी ओट्यावर विसरले. आमच्याकडे आकड्यांचे कोणतेही पान वरिष्ठांच्या सहीशिवाय पुढे जात नसे. सकाळी येऊन पाहते, तर प्रत्येक पानाखाली ‘तपासले’ आणि बाईंची सही. शेवटच्या पानावर एकोणपन्नास खोडून एक्कावन्न केलेले.

“बाई, हे तुम्ही...”

“आठ तारखेची अठ्ठेचाळीस मिनिटं धरलीच नाहीस. भागलंस मात्र तेवीसनं.”

“हे आकडे कशाचे आहेत, कळलं ना तुम्हाला?”

“माझेच आहेत. म्हणून काय चुकीचे जाऊ देऊ?” एवढे बोलून त्या वजन करायला वळल्या.

मी व्यवस्थापकांना एक्कावन्न हा आकडा दिला. ओव्हनचा रकाना दाखवायला गेले तेव्हा ते म्हणाले, “ओव्हनला पगार देत नाही मी.” मी वही मिटली. आकडा बरोबर होता, हे माझे समर्थन. ‘काम एकदाही थांबलेले नाही’ हे पुढचे वाक्य मी बोलले नाही, हेही तितकेच खरे. सप्टेंबरपासून बाई स्टोअरच्या खिडकीमागे बसू लागल्या आणि मी त्यांच्या खुर्चीवर.

स्टोअरमध्ये दिवसभर, जेवणाच्या सुट्टीतही, मागणीच्या चिठ्ठ्या येतात. पंधरा दिवसांनी मी विचारले, “अक्षरं कुठवर आली?” “इथं काही तापायला ठेवता येत नाही गो,” त्या म्हणाल्या आणि कोणाला तरी हातमोजे मोजून दिले. तक्रारीचा सूर नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी स्टोअरमध्ये गेले. “उठा बाई. अर्धा तास खिडकी मी बघते.”

“तुझा डबा?”

“इथंच खाईन.”

त्यांनी माझ्याकडे तपासायला आलेल्या नमुन्यासारखे पाहिले. मग चष्मा पुसला आणि पिंपांच्या मागे गेल्या. आतून लादीवर ब्रश घासल्याचा आवाज आला. तिथे ऊन-वारा नसल्याने अक्षर अर्धा-अर्धा तास ओले राही. त्या वहीबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नाही. मी सव्वा वर्ष रोज खिडकीवर बसले, नंतर दुसरी नोकरी धरली. शेवटच्या दिवशीही मी चिठ्ठ्या घेत होते, “बाई कुठं?” असे विचारणाऱ्यांना “कामात आहेत” म्हणून सांगत होते आणि सुट्टी संपल्यावर आत जाऊन, लादी वाळण्याआधी, मोजून आले. वेळ तीस मिनिटे, अक्षरे अकरा.