आवाजाचं वय

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासून देणाऱ्या त्या माणसाला मित्र चकती म्हणत. हप्ताभर काचेच्या चकत्या आणि सुट्टीला गाण्याच्या, म्हणून चकती. नाव इतकं चिकटलं होतं की रागावली की बायकोही तेच वापरायची.

छंद त्याला उशिरा लागला, पण लागला तो जळवेसारखा. एका बंद पडलेल्या हॉटेलच्या सामानातून त्याने तबकड्या फिरवणारी दोन टर्नटेबलं आणि त्यांचे आवाज एकत्र करणारा मिक्सर उचलून आणला आणि घरातल्या मागच्या खोलीत, जुन्या दाराच्या फळीवर मांडला. एक गाणं वाजत असताना दुसरं एका कानावरच्या हेडफोनमध्ये ऐकायचं, वेगाची पट्टी बोटाने सरकवत दोन्हींचे ठोके जुळवायचे आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागू न देता एकातून दुसऱ्यात शिरायचं. पहिलं वर्ष नुसती खडखड झाली. आई म्हणायची, दोन जावा एकाच ओट्यावर भांडताहेत जणू. मग हात बसला. ओळखीच्यांच्या घरगुती समारंभांत तो हौसेने वाजवू लागला. कॉम्प्युटरवर गाणी कापून, नवा ताल लावून रिमिक्सही करू लागला. पण जीव रमायचा तो फिरत्या तबकडीवर बोट ठेवण्यातच.

त्याला एक ताई होती. तो अकरा वर्षांचा असताना ती काविळीने गेली, एकोणिसाव्या वर्षी. आईने तिचे कपडे देऊन टाकले, पलंगाची जागा बदलली, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. बाई दगडाची आहे, असं लोक मागे बोलत. वडील गेले तेव्हा ती चारचौघींसारखी रडली. ताईचा विषय निघाला की मात्र उठून नळ सोडायची आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची. त्यामुळे विषय निघेनासा झाला.

माळा आवरताना बायकोला एक कॅसेट सापडली. चकतीने ती मागच्या खोलीतल्या जुन्या टेपवर लावली आणि ताईचा आवाज आला. ताईला रेडिओवर निवेदिका व्हायचं होतं. डब्यावर बोटांनी ताल धरून ती बोलत होती, "श्रोतेहो, पुढची फर्माईश आहे माझ्या धाकट्या भावाची. हा गणितात नापास झाला असला तरी गाण्यात पहिला आहे, तेव्हा त्याला माफ करा." मग हसू. मग लांबून, स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "बंद कर गं ते, डोकं उठलं माझं." आणि खट्.

कॅसेटची फीत जागोजागी चुरगळलेली होती. चकतीच्या ओळखीचा एक रेडिओ दुरुस्त करणारा हौसेखातर कोऱ्या तबकडीवर आवाज कोरून देत असे. त्याच्याकडून त्याने ताईच्या बोलण्याची, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगाची एकच तबकडी करून घेतली. तिच्या बोटांच्या तालाखाली एक संथ गाणं सरकवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

सुट्टीची दुपार होती. संथ गाण्याचा ठोका गाठायला त्याने ताईच्या तबकडीचा वेग थोडा उतरवला. ताल लांबला आणि त्याबरोबर आवाजही खाली आला. ठोके जुळले, तसा त्याच्या अंगावर काटा आला. बोलणारी मुलगी एकोणीस वर्षांची राहिली नव्हती. दोन पोरं वाढवलेली, थोडी थकलेली, संथपणे बोलणारी चाळिशी उलटलेली बाई बोलत होती. ताई असती तर आज तेवढीच असती.

दारात आई उभी होती. तिचे हात ओले होते.

"कधी आली?" तिने विचारलं.

आई भ्रमिष्ट नव्हती. वाणसामानाची यादी तोंडपाठ ठेवणारी, सुनेच्या चुका आठवडाभर लक्षात ठेवणारी बाई. विचारल्याबरोबर तिचं तिलाच कळलं. पण ती परत गेली नाही. हात पदराला पुसून खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "परत लाव. असंच लाव."

तेव्हापासून सुट्टीच्या दुपारी आई जेवण आटोपून मागच्या खोलीत येऊ लागली. तो त्याच वेगाने तबकडी लावायचा आणि हसू संपता संपता सुई उचलायचा, पुढचं वाक्य यायच्या आत. आई त्या आवाजाबद्दल बोलू लागली. घसा बसलाय तिचा, काम जास्त पडत असेल. माझ्यासारखीच झाली, शेवटचा शब्द गिळते. बायकोने हे दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा तिने नवऱ्याला बाजूला घेतलं. घरात आपण तिघं आहोत, तिला चौथी दिसायला लागली आहे आणि ती तू आणलीस, असं तिने स्पष्ट सांगितलं. त्याला ते पटत होतं. पण त्यालाही तो आवाज हवा होता. दुकानात काच घासताना तो मनात त्या बाईशी बोलायचा, घराचे हप्ते कसे फेडायचे ते विचारायचा. मोठी बहीण असावी तशी ती त्याला धीर द्यायची. त्याने कॅसेटवरची खरी, चिवचिवणारी ताई पुन्हा ऐकलीच नव्हती.

एके दुपारी आई म्हणाली, "अजून हळू कर."

त्याने पट्टी खाली ओढली. आवाज जडावला. आता पन्नाशीची, दम लागलेली बाई श्रोत्यांकडे भावासाठी माफी मागत होती.

"अजून."

"आई, पट्टी संपली."

"दुसरं बटण आहे ना? तू मोठ्या तबकड्यांना दाबतोस ते. माझ्याएवढी होऊ दे तिला. एकदा."

त्याने नको म्हणायला हवं होतं. त्याने तेहतीसचं बटण दाबलं.

खोलीत जो आवाज बोलू लागला तो बाईचा नव्हता आणि बाप्याचाही नव्हता. डब्यावरची बोटं बंद दारावर कुणी थापा माराव्यात तशी पडत होती. हसू आलं ते घशात अडकलेल्या घरघरीसारखं. आईने खुर्चीचा हात घट्ट धरला. शेवटच्या दिवसांत ताई शुद्धीत नसताना अशीच घरघर ऐकू यायची. चकतीला तेव्हा बाहेर पाठवलेलं असायचं, त्याने ती ऐकली नव्हती. आईने ऐकली होती.

"बंद कर," ती म्हणाली. "ही ती नाही रे. आपण काय करतोय हे?"

त्याने तबकडी थांबवली. बायको दाराशी येऊन उभी राहिली होती, तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. आईने तो झिडकारला नाही.

"जशी होती तशी लाव," आई म्हणाली. "आणि शेवटी सुई उचलू नकोस. पुढे काय आहे ते मला माहीत आहे. मीच ओरडले होते."

त्याने पट्टी मधोमध आणली आणि पंचेचाळीसवर तबकडी सोडली. पोरगी बोलू लागली. चुरचुरीत, घाईची, स्वतःच्याच विनोदावर आधी हसणारी. ती इतकी लहान होती की चकतीला धक्का बसला. त्याच्या आठवणीत ती कायम त्याच्याहून मोठीच होती, आणि इथे त्याच्या दुकानातल्या नव्या सेल्सगर्लपेक्षाही कोवळी पोर बोलत होती. मग लांबून एका तरुण बाईचा वैतागलेला आवाज आला, बंद कर गं ते. खट्.

सुई रिकाम्या जागेत खरखरत राहिली. कोणीच ती उचलली नाही.

"केवढीशी होती," आई म्हणाली आणि मग रडली. इतकी वर्षं साठवलेलं एकदम बाहेर पडावं तशी, तोंड उघडं टाकून, लाज न बाळगता. सून तिला धरून जमिनीवरच बसली. चकती उठून पाणी आणायला गेला आणि नळाशीच उभा राहिला.

नंतर आई मागच्या खोलीत आली नाही. संध्याकाळी भाजी निवडताना मात्र ती सुनेला ताईच्या गोष्टी सांगायला लागली. कशी ती शाळेतून चपला हरवून यायची, कशी मामाची नक्कल करायची. सून हसायची. त्या संथ गाण्याचं रिमिक्स चकतीने अर्धवटच सोडलं. तबकडी त्याने कपाटात ठेवली. मोडायचं धाडस झालं नाही. समारंभांत तो पूर्वीसारखाच वाजवतो, लोक नाचतात.

फक्त दुकानात एक गोष्ट घडते, ती त्याने घरी सांगितलेली नाही. काचा घासायचं यंत्र बंद केलं की चाक लगेच थांबत नाही. त्याची शिट्टी हळूहळू जाड होत, उतरत जाते. तेवढा वेळ तो दोन्ही कानांवर हात ठेवून उभा राहतो. मालकाने एकदा पाहिलं आणि विचारलं, कान दुखतोय का. तो हो म्हणाला.