रागीट राजपुत्राचं काम

आमच्या हौशी नाटकमंडळीत दादाला रागीट राजपुत्राचं काम मिळालं तेव्हा घरात सगळे हसले. "ह्याला आणि तालीम कशाला पायजे?" आई म्हणाली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. उद्यमनगरात वडिलांचं लेथचं वर्कशॉप आहे, पंपाचे सुटे भाग तयार होतात. कॉलेज सोडल्यापासून दादा तिथंच. हाताला तोड नाही, पण डोकं कधी सणकेल याचा नेम नाही. एकदा पेठ वडगावच्या जुन्या गिऱ्हाइकाने माल तीनतीनदा उलटापालटा करून बघितला, तर दादा त्याला सगळ्यांसमोर म्हणाला, "पटत न्हाय तर दुसरं वर्कशॉप बघा की पावणं!" वडील त्या माणसामागं रस्त्यापर्यंत हात जोडत गेले. परत आल्यावर त्यांनी हात धुतले आणि मशीनपाशी जाऊन उभे राहिले.

धाकटा भाऊ वेगळा. बोलायला गोड, हिशोबाला पक्का. पण लेथवर उभा राहिला की अजून दादाला हाक मारायचा.

नाटक एका काल्पनिक राज्याचं होतं. तिथला सूर्य राजाची आज्ञा झाल्याशिवाय उगवत नाही. म्हाताऱ्या राजाला दोन मुलगे. थोरला शूर आहे, पण तो चिडला की उभी पिकं आपोआप पेटतात. शेवटी राजा सिंहासन धाकट्याला देतो, थोरला आपली तलवार भावाच्या पायाशी ठेवतो आणि अरण्यात निघून जातो. मी शाळेत शिकवते. नाटकात माझं काम विंगेत संहिता घेऊन उभं राहायचं आणि कुणी अडलं की हळूच वाक्य पुरवायचं.

स्पर्धेतला प्रयोग चार दिवसांवर आला होता. रविवारी जेवणं झाल्यावर वडील म्हणाले, "वर्कशॉप आता धाकट्याच्या नावावर करून टाकतोय. माणसं टिकवायला पायजेत. मी हाय तवर हाय."

मी दादाकडं बघितलं. आता ताट भिरकावणार, असंच वाटलं. त्यानं ताटातली भाकरी संपवली, ताट उचलून मोरीत ठेवलं आणि पायरीवर जाऊन बसला. वहिनी त्याच्या मागं गेली आणि तशीच परत आली. मला त्याच्या आरडाओरड्याची सवय होती. त्या गप्प बसण्याचं काय करायचं ते मला कळेना. मी वडिलांना म्हणाले, "बाबा, जरा थांबायचं की." ते म्हणाले, "तू ह्यात पडू नगंस."

दुसऱ्या दिवशी दादा नेहमीसारखा वर्कशॉपला गेला. संध्याकाळी तालमीलाही आला. दिग्दर्शक खूश होते. "आता राग आतून यायला लागलाय," म्हणाले.

प्रयोगाला वडिलांना घेऊन आई आली. धाकटाही आला. तिघे पुढच्या बाजूला बसलेले मी पडद्याच्या फटीतून बघितले, मग दिवे गेले आणि माझ्या विंगेतून फक्त रंगमंच दिसायला लागला.

शेवटच्या प्रवेशापर्यंत सगळं नीट झालं. राजाचं काम करणाऱ्या निवृत्त बँक कारकुनाने निर्णय सांगितला. आता दादाने तलवार ठेवायची. तो धाकट्या राजपुत्रापर्यंत गेला, थांबला, वळला आणि सिंहासनावर जाऊन बसला.

मला वाटलं, विसरला. मी वाक्य पुरवलं, "घे बंधो, हे राज्य तुझे." त्यानं माझ्याकडं बघितलं. ऐकू गेलं होतं त्याला. मी परत म्हणाले, जरा मोठ्यानं. त्यानं मान फिरवली आणि समोरच्या अंधाराकडं बघून बोलायला लागला. संहितेतली पुस्तकी भाषा नव्हती ती, आमच्या घरातली होती.

"राग हाय माझ्यात. व्हय, हाय. पर सगळी झोपल्यावर लेथवर जागं कोण ऱ्हात हुतं? हात कुणाचं भाजलं? माणसं तोडली म्हणतासा, आणि मी कोण? मी माणूस न्हाय व्हय?"

प्रेक्षकांत मागं कुणीतरी हसलं. मग तेही थांबलं. राजा तोंड उघडं ठेवून उभा होता. पडदेवाला माझ्या कानाशी आला, "ताई, टाकू का पडदा?" हो म्हणावं तर दादाचं बोलणं अर्ध्यावर तुटणार, नाही म्हणावं तर तो आणखी काय बोलेल कोण जाणे. मी पानं उलटत राहिले. हातातल्या संहितेत यापुढचं काहीच नव्हतं.

दादाच उठला. तलवार सिंहासनावर ठेवली आणि चुकीच्या बाजूने, माझ्या विंगेत आला. मी त्याचा दंड धरला. अंगरखा घामाने चिंब झाला होता.

"दादा, थांब जरा."

"सोड," तो म्हणाला. ओरडला नाही. मी सोडलं. राजपुत्राच्या मखमली कपड्यांतच तो मोटरसायकलवर बसून गेला. मागं पडदा पडला आणि जोरात टाळ्या वाजल्या. लोकांना ते नाटकातलंच वाटलं होतं.

घरी आल्यावर वडिलांनी चहा मागितला. "काम बरं केलं त्यानं," एवढंच म्हणाले. धाकटा रडवेला झाला होता. "बाबा, मला नको वर्कशॉप. दादालाच द्या."

"ठरलं ते ठरलं," वडील म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

महिन्याभरात दादा कागलच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला आणि वहिनीला घेऊन तिथंच खोलीत राहिला. वडील त्याला फोन करत नाहीत. प्रेक्षकांतल्या कुणीतरी तो प्रवेश मोबाईलवर घेतला होता. धाकटा सांगतो, दुपारी मशीन बंद असली की बाबा तो बघतात, आवाज बंद करून. मी म्हणाले, एकदा दादाला बोलवा. ते उठून हात धुवायला गेले.

मागच्या रविवारी मी कागलला गेले होते. वहिनीने पोहे केले. दादा मला स्टँडवर सोडायला निघाला, तर शेजाऱ्याने चारचाकी बरोबर फाटकासमोर आडवी लावलेली. शेजारी समोरच्या कट्ट्यावर बसून फोनवर बोलत होता; आमच्याकडं बघून त्यानं नुसता हात हलवला. मी दादाकडं बघितलं.

"असू दे," दादा म्हणाला. आपल्या मोटरसायकलचं मागचं चाक उचलून त्यानं ती तिरकी केली, भिंतीला घासत कशीबशी बाहेर काढली. त्याच्या कोपराचं सालटं निघालं.

"रोजच लावतोय का तो?" दाराशी उभ्या वहिनीला मी विचारलं.

"रोज," ती म्हणाली. "आता ह्यांना राग येत न्हाय. सगळी म्हणत्यात, लई सुधारलं."

दादाने गाडी सुरू केली. मी मागं बसले.