ज्याला पटत नाही, त्यानं सार लिहावं

आमच्या गावी पेठेतल्या घरी दर रविवारी वाचनाची बैठक भरायची. तिचे किस्से माझ्याकडे पितळी भांड्यांसारखे साठत गेलेत. रोज लागत नाहीत, पण मोडीत काढवत नाहीत. त्या बैठकीतल्या माणसांची मी जन्माची ऋणी आहे.

बैठकीचे म्होरके नाना, शाळामास्तर. त्यांचा नियम एकच. लेख किंवा पुस्तक ज्याला पटत नाही, त्यानंच त्याचं सार लिहून आणायचं. आणि ऐकणाऱ्याला लिहिणाऱ्याच्या मताचा वाससुद्धा येता कामा नये! मी दाराआड बसून ऐकायची.

*

पहिले सापडले वकीलसाहेब. त्यांच्या सारात ओळीओळीला 'म्हणे'. लेखक म्हणे विद्वान आहेत, त्यांना म्हणे अनुभव आहे. नाना शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, मी सार मागितलं होतं. ही उलटतपासणी झाली की."

*

गोविंदराव पक्के चहाबाज. त्यांच्या वाट्याला आला 'चहा हे विषच' असा लेख. बिचाऱ्यांनी इतकं सरळ सार लिहिलं की त्या दिवशी कपाला कुणी हात लावेना. नानांनी विचारलं, "आता तुमचं स्वतःचं मत?" गोविंदरावांनी सगळ्यांचे कप आपल्याकडे ओढून घेतले.

*

जोशीमास्तरांनी हौसेनं नाटक लिहिलं, आणि एका मासिकानं ते धुऊन काढलं. नियमाप्रमाणे त्या टीकेचं सार जोशीमास्तरांकडेच! त्यांनी एक शिवी गाळली नाही. ऐकून वकीलसाहेब हळहळले, "इतकं वाईट लिहिलंय?" मास्तर म्हणाले, "हे सार हाय. मूळ लई मोठं हाय."

हसले सगळे, पण त्या दिवशी मास्तरांना घरापर्यंत सोडायलाही सगळेच गेले.

*

मी सातवीची फायनल परीक्षा पास झाले. मास्तरीण व्हायचं, तर पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जायला हवं होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, कोर्टात कारकून. त्यांनी साफ नाही म्हटलं आणि स्थळं बघायला लागले. तोंडावर बोलायची छाती नव्हती, म्हणून मी माझं म्हणणं लिहून त्यांच्यापुढे ठेवलं. आप्पांनी ते तक्रार म्हणून नानांना दाखवलं.

नानांनी वाचलं. म्हणाले, "तुम्हाला पटत नाही ना? मग रविवारी सार तुमचं."

आठवडाभर आप्पा रोज रात्री कागद घेऊन बसले. रविवारी उभे राहून वाचू लागले. माझा एकेक मुद्दा येत होता, माझ्यापेक्षा नीट मांडलेला. रागाच्या भरात मी एक वाक्य लिहिलं होतं, की वडील माझ्या काळजीनं नाही, लोकांच्या भीतीनं अडवतात. ते तरी गाळतील असं वाटलं होतं. त्यांनी तेही वाचलं, आवाज खाली न आणता.

वाचन संपलं. नानांनी विचारलं, "आणि आप्पा, तुमचं मत?"

आप्पांनी चष्मा काढला, कागदाची घडी केली.

"ते राहू दे. पुण्याची गाडी किती वाजता असती, तेवढं सांगा कुणीतरी."